दुधाचे दात पडणारच, मग घासायचे कशाला?

 

आज आपण लहान मुलांच्या दातांविषयी बोलणार आहोत. अंगणवाडीत असो, लसीकरणाच्या दिवशी असो की बचतगटाच्या बैठकीत, हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "अहो ताई, दुधाचे दात आज ना उद्या पडणारच. मग ते रोज घासायचा एवढा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे. पडणाऱ्या गोष्टीवर मेहनत कोण घेईल? म्हणून उत्तरही नीट समजून घेऊ.

बाळाला पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे वीस दुधाचे दात येतात. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण मागच्या दुधाच्या दाढा इतक्या लवकर पडत नाहीत. त्या दहाव्या, अकराव्या, कधी बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. म्हणजे दोन वर्षांच्या लेकराला आलेली दाढ पुढची आठ-दहा वर्षं भाकरी चावायला लागते. ती चौथ्या वर्षीच किडली, तर उरलेली सहा-सात वर्षं मुलाने जेवायचं कशाने?

अशी मुलं आपण पाहतो. ताटातली भाकरी बाजूला सारतात, दुधात नाहीतर चहात कुस्करून मागतात. एकाच बाजूने चावतात. गार पाणी लागलं की कळवळतात. रात्री दाढ ठणकते, ना त्यांना झोप ना आईला. आई म्हणते, "पोरगं नीट जेवतच नाही, अंगी काही लागत नाही." कधी कधी कारण पोटात नसतं, तोंडात असतं.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक दुधाच्या दाताच्या खाली कायमचा दात तयार होत असतो. वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाला तर खालच्या दाताला इजा पोचू शकते. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या फटीत सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही. मग तो वाकडातिकडा येतो. दुधाचा दात नव्या दातासाठी जागा धरून बसलेला असतो. बसमध्ये आपण सीटवर पिशवी ठेवतो ना, तसंच हे.

आता मैत्रिणींनो, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते, ती लक्षात ठेवा. मूल सहा वर्षांचं होतं, पहिलीत जायला लागतं, तेव्हा अगदी मागे एक नवी दाढ येते. ही दाढ कोणताही दात न पाडता येते. काही हललं नाही, काही पडलं नाही, म्हणून ती कधी आली ते घरात कुणाला कळतच नाही. आणि कळलं तरी आपण समजतो, असेल दुधाचीच, पडेल. पण ती कायमची दाढ असते. ती किडून गेली तर पुन्हा येत नाही. साठाव्या, सत्तराव्या वर्षीही त्याच दाढेने चावायचं असतं.

ती ओळखायची कशी? अगदी सोपं आहे. मुलाला उजेडात बसवा, आ करायला सांगा. समोरच्या दोन मोठ्या दातांच्या मधल्या फटीपासून एका बाजूला मोजत जा. एक, दोन, तीन, चार, पाच. ही झाली दुधाच्या दातांची जागा. पाचाच्या मागे सहावा दिसला, तर ती कायमची दाढ. उजवीकडे, डावीकडे, वर आणि खाली, अशा चार दाढा येतात. सहाव्या वर्षी येते आणि सहाव्या नंबरला असते, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

आता दात किडतो कसा ते पाहू. आपण "दाताला कीड लागली" म्हणतो, त्यामुळे आत खरोखर किडा वळवळतोय असं वाटतं. पूर्वी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडा पाडत असत, अजूनही कुठे कुठे देतात. पण दातात अळी-किडा काही नसतो. आपल्या सगळ्यांच्याच तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. दातांवर जो चिकट, पांढुरका थर बसतो, त्यात ते राहतात. आपण गोड खाल्लं की त्यातली साखर त्यांनाही मिळते आणि ते तिचं आम्ल करतात. हे आम्ल दाताचं वरचं टणक कवच विरघळवतं. गोड खाल्ल्यावर वीस मिनिटं ते अर्धा तास हा मारा चालतो. मग लाळ हळूहळू आम्ल धुऊन काढते आणि दात थोडा भरूनही काढते.

म्हणजे गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, याला जास्त महत्त्व आहे. समजा, आपल्या घरातला चार वर्षांचा राजू सकाळी चहात बटर बुडवून खातो. दहा वाजता बिस्किटाचा पुडा. अंगणवाडीतून येताना दुकानातून गोळी. दुपारी आजीने दिलेला गुळाचा खडा. चार वाजता पुन्हा चहा-टोस्ट. झोपताना साखर घातलेलं दूध. झाले सहा मारे. लाळेने दात सावरायच्या आत पुढचा मारा सुरू. हेच गोड जेवणाबरोबर एकदाच दिलं असतं, तर मारा एकच झाला असता.

आपला जिल्हा साखरेचा. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून सुरुवात झाली आणि पुढे तालुक्यातालुक्यात कारखाने उभे राहिले. पाहुण्याला चहा, यात्रेत रेवडी आणि गोडीशेव, शेतात गेलं की हातात उसाचं कांडं. हे सगळं बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. गोड द्या, पण जेवणाला जोडून द्या. मधल्या वेळी भूक लागली तर शेंगदाणे, फुटाणे, काकडी, पेरू, उरलेल्या भाकरीचा कुस्करा असं काही द्या. आणि बिस्किट, टोस्ट, पाकिटातले कुरकुरीत पदार्थ फारसे गोड लागत नसले, तरी दाढेच्या खाचांत चिकटून बसतात, हेही विसरू नका. तहानेला पाणीच द्या.

आता येऊ घासण्याकडे. सकाळच्या बाबतीत आपण सगळ्या कडक आहोत. तोंड धुतल्याशिवाय चहा नाही, ही शिस्त आपल्या घराघरात आहे आणि ती चांगली आहे. आपण चुकतो ते रात्री. रात्री जेवण होतं, वर दूध होतं, टीव्ही बघता बघता मूल झोपून जातं. झोपेत तोंडातली लाळ फार कमी होते. दात धुणारं कुणी नाही आणि दातांवर अन्न बसलेलं. आठ-नऊ तास जंतूंना मोकळं रान. म्हणून दिवसातून दोनदा दात घासायचे, आणि त्यातली रात्रीची वेळ चुकवायचीच नाही. रात्री दात घासल्यावर फक्त पाणी. दूध द्यायचं असेल तर घासण्याच्या आधी.

तान्ह्या बाळांच्या आयांना एक विनंती. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन बाळाला झोपवू नका. चोखणीला मध, गूळ लावू नका. वरचे समोरचे चारही दात दुसऱ्या वर्षीच काळे पडलेली बाळं आपल्याला दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दात यायच्या आधीपासून ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसायची सवय ठेवा. पहिला दात दिसला की छोटा ब्रश सुरू करा.

दुसरा प्रश्न, दात घासायचे कुणी? "आमचा पाच वर्षांचा आहे, स्वतःचं स्वतः घासतो," असं कौतुकाने सांगितलं जातं. कौतुक करा, पण त्याच्यावर सोडू नका. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला तेवढं वळण नसतं. तो पुढचे चार दात घासतो, पेस्ट चाटतो आणि पळतो. बुटाची नाडी स्वतः नीट बांधता यायला लागली की दातही नीट घासता येतील, असा एक साधा अंदाज धरा. तोपर्यंत आधी त्याला घासू द्या आणि मग तुम्ही पुन्हा एकदा हात फिरवा.

लहान बाळाला मांडीवर आडवं घ्या, डोकं तुमच्या कुशीत. उभं राहणाऱ्या मुलाच्या मागे उभं राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकू द्या, एका हाताने हनुवटी धरा. म्हणजे आतलं सगळं दिसतं. ब्रश दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे टेकवा आणि हलक्या हाताने लहान लहान गोल फिरवा. भांडं घासल्यासारखा जोर नको. बाहेरची बाजू, आतली बाजू आणि चावायची बाजू. एकूण दोन मिनिटं. सहाव्या वर्षाची दाढ वर येत असताना शेजारच्या दाढेपेक्षा खोलगट असते, ब्रश तिच्या वरून निघून जातो. म्हणून ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून ती दाढ वेगळी घासा.

ब्रश छोटा आणि मऊ घ्या. केस फाकले की बदला, नाहीतर तीन महिन्यांनी बदला. प्रत्येकाचा ब्रश वेगळा. भावंडांत एकच ब्रश नको.

पेस्ट घेताना पाकिटावर "फ्लोराइड" हा शब्द आहे का ते पाहा. वाचता येत नसेल तर दुकानदाराला किंवा शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला सांगा. फ्लोराइड दाताचं कवच पुन्हा घट्ट करतं. साधारण १००० पीपीएम एवढं प्रमाण चांगलं. मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही रंगीत पेस्टमध्ये ते फार कमी असतं किंवा नसतंच, म्हणून चित्र पाहून घेऊ नका. आणि जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पेस्ट तर अजिबात नको. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, बस्स. म्हणजे घरातली साधी पेस्टही महिनोन् महिने पुरते. पेस्ट गिळू द्यायची नाही, थुंकायला शिकवायचं. आणि थुंकल्यावर लगेच खळखळून चूळ भरायची नाही. तोंडात राहिलेली थोडी पेस्ट रात्रभर काम करते.

राखुंडी, कोळसा, मीठ, विटेची भुकटी यांनी दात पांढरे दिसतात खरे, पण कवच घासून निघतं. घासून पातळ झालेलं कवच परत येत नाही. कडुलिंबाची काडी मोठ्या माणसाने जपून वापरली तर हरकत नाही, पण लहान मुलाच्या हिरड्या तिने सोलवटतात आणि तिच्यातून फ्लोराइड काही मिळत नाही.

आता खरी अडचण. मूल तयारच होत नाही. तोंड घट्ट मिटतं, रडतं, पळतं. अशा वेळी आपण पटकन म्हणतो, "घासतोस की नेऊ डॉक्टरकडे? मोठी सुई टोचतील!" कृपा करून असं म्हणू नका. एक तर ब्रश ही शिक्षा वाटायला लागते. आणि उद्या खरंच दाढ दुखली, तर ते मूल दवाखान्याच्या पायरीवरच हातपाय झाडतं.

त्यापेक्षा हे करून बघा. वेळ आणि जागा ठरवून टाका. जेवण झालं, भांडी मोरीत गेली की लगेच ब्रश. झोप डोळ्यांवर यायच्या आधी. सगळ्यांनी एकत्र घासा, तुम्ही, मुलांचे वडील आणि भावंडं. एकट्या मुलाला हुकूम सोडला की ते हटून बसतं, सगळे करतात तेव्हा आपोआप येऊन उभं राहतं. त्याला आधी तुमचे दात घासू द्या, मग तुम्ही त्याचे घासा. दुकानात दोन ब्रश पुढे ठेवून रंग त्याला निवडू द्या. दोन मिनिटं लांबत असतील तर त्याच्या आवडीचं गाणं म्हणा, गाणं संपेपर्यंत ब्रश चालू. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री त्याच्या हाताने एक खूण करून घ्या. आठवडाभर खुणा झाल्या तर शाबासकी द्या, गोष्ट सांगा, पण चॉकलेट देऊ नका! एखाद्या दिवशी अगदीच ऐकलं नाही तर भांडू नका. अर्धं मिनिट घासून सोडा, दुसऱ्या रात्री पुन्हा. सवय लागायला आठवडे लागतात.

मैत्रिणींनो, मूल आपलं ऐकतं त्यापेक्षा आपल्याकडे बघतं जास्त. म्हणून एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी, ती म्हणजे मिश्री. सकाळी चुलीपाशी बसून, दुपारी काम उरकल्यावर, रात्री जेवल्यावर डबी उघडायची आणि बोटाने दात घासत बसायचं. कितीतरी आया-आज्यांना ही सवय आहे. त्यांना दोष देण्यासाठी मी हे बोलत नाही. उपाशीपोटी राबताना ती लागली, कधी दाढ दुखली म्हणून कुणी लावायला दिली आणि सुटली नाही. पण मिश्री म्हणजे तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखूच. तिने दात मजबूत होत नाहीत, हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, गरोदरपणी घेतली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. दात घासायच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ सालीच बंदी घातली आहे. घरी भाजलेल्या मिश्रीला मात्र कोण अडवणार? आजी मिश्री लावते तेव्हा शेजारी बसलेली नात बघत असते. तिला वाटतं, दात असेच घासायचे असतात. एक दिवस तीही डबीत बोट घालते. आणि मुलाची दाढ दुखते म्हणून मिश्री तर कधीही लावू नका, तंबाखू लहान जिवाला विषासारखी आहे. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, तिथे मदत मिळते. आणि आज सुटत नसेल, तर निदान डबी मुलांसमोर उघडू नका, आणि रात्री मुलाबरोबर तुम्हीही ब्रश हातात घ्या.

आपल्या जिल्ह्यातल्या काही मैत्रिणी मला विचारतील, "हे सगळं घरात राहणाऱ्यांना ठीक, आमचं काय?" पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. पहाटे फडावर, रात्री उशिरा कोपीवर. पाणी लांबून आणायचं. तिथे दोन वेळचा हट्ट मी धरणार नाही. रात्रीचा एकच ब्रश धरा. त्याला नळ लागत नाही, पेलाभर पाणी पुरतं. निघताना सामानात प्रत्येक लेकराचा ब्रश आणि एक पेस्ट बांधून घ्या. फडावर मूल दिवसभर ऊस चघळतं, बिस्किटावर राहतं, म्हणून तिथेच दातांची जास्त काळजी लागते. आणि मुलांना गावी आजी-आजोबांकडे ठेवून जात असाल, तर जाताना आजीला रात्रीचा ब्रश सांगून जा. फोनवर "जेवलास का?" विचारता, तसंच "दात घासलेस का?" हेही विचारा.

हे काम एकट्या आईचं नाही, गावाचंही आहे. २००२-०३ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे हा घरोघरचा प्रश्न आहे. तिकडे स्कॉटलंड देशात अशीच परिस्थिती होती. त्यांनी बालवाड्यांमध्ये रोज बाईंच्या देखरेखीखाली मुलांना दात घासायला लावलं. २००३ साली तिथे शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण ४५ मुलांचे दात चांगले होते, २०२० पर्यंत ते सत्तरच्या वर गेले. आपल्या अंगणवाडीत खाऊच्या आधी हात धुतातच. मग पालकांनी मिळून मुलांचे ब्रश, नावं लिहून, ताईंकडे दिले तर आपल्याकडेही हे का होणार नाही? एका बाईने दुसरीला सांगायचं, ही रीत तर आपल्याच जिल्ह्याने दाखवून दिली आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या खेड्यातल्या बाया तिथे आरोग्याचे धडे शिकल्या आणि त्यांनी ते घरोघरी पोचवले. जुलाब झालेल्या बाळाला पाणी पाजायचं, हे शेजारणीचं ऐकून गावं शिकली. दातांचंही तसंच शिकता येईल.

शेवटी, दवाखान्यात कधी जायचं ते सांगते. महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ अलगद उचलून बघा. हिरडीजवळ दातावर खडूसारखा पांढरा पट्टा किंवा डाग दिसला, तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर दुखत नाही, आणि नीट घासणं, गोडाच्या वेळा कमी करणं यांनी ती थांबवता येते. तपकिरी, काळा खड्डा दिसला की घरगुती उपाय करत बसू नका. हिरडीवर पुळी, गालाला सूज किंवा सुजेबरोबर ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुलं तपासायला येतं. २०१३ पासून हा कार्यक्रम सुरू आहे आणि त्यात दातही तपासायचे असतात. पथक येणार असेल त्या दिवशी जमेल तर हजर राहा आणि "दाढ बघा" असं आवर्जून सांगा. पुढच्या उपचारासाठी सरकारी रुग्णालयातल्या दंत विभागाची चौकशी आशाताईंकडे करा. लोणीला दंत महाविद्यालयही आहे. सहाव्या वर्षाची दाढ नुकतीच आलेली असेल, तर तिच्या खोल खाचा बुजवणारा एक लेप दंतवैद्य लावतात. त्याने दुखत नाही, सुई नाही. त्याबद्दल नक्की विचारा.

तर मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाली की घरातल्या लेकराला उजेडात बसवा आणि फटीपासून मोजा. पाचापर्यंत मोजून झाले तर दुधाचे आहेत, जपा. सहावी दिसली तर ती आयुष्यभराची आहे, आजपासून तिला वेगळी घासा. आणि उद्या पाण्यावर, दळणाला, शेतात जी मैत्रीण भेटेल, तिलाही मोजायला सांगा.

नमस्कार.